तंबाखू सोडल्यावर वजन कां वाढतें?

तंबाखूची संवय सोडूं पाहणाऱ्या मनुष्याला अडविणाऱ्या गोष्टी पुष्कळ असतात. मित्रमंडळींचा आग्रह असतो, कामाची दगदग असते, वर्षानुवर्षांची ओढ असते. परंतु या सर्वांच्या जोडीला एक भीति अशी आहे कीं, तिचा मोकळेपणानें उच्चार होत नाहीं, आणि म्हणून तिला उत्तरहि मिळत नाहीं. "तंबाखू सोडली तर अंग सुटेल," हीच ती भीति होय. सिगारेट सोडलेला एखादा गृहस्थ दोन-तीन महिन्यांत कमरेचा पट्टा एक भोंक सैल करूं लागतो. शेजारीपाजारी "प्रकृति सुधारली हो!" असें हंसत म्हणतात, पण त्याच्या स्वतःच्या मनांत मात्र शंका घर करते. मधुमेहाचें व रक्तदाबाचें भय वाटूं लागतें, आणि एखाद्या दिवशीं वजनाच्या कांट्यावरून उतरतांच त्याचीं पावलें पानाच्या ठेल्याकडे वळतात. "सोडून तोटाच झाला," हें समर्थन तोंडीं तयार असतें. हें समर्थन कितपत खरें आहे, तंबाखूमुळें वजन कमी कां राहतें आणि ती सुटतांच तें कां वाढतें, याचा विचार प्रस्तुत भाषणांत करावयाचा आहे.

तंबाखूनें भूक मरते, हें ज्ञान आजचें नव्हे. तंबाखू मूळची अमेरिका खंडांतली. स्पेनमधील सेव्हिल नगरांत निकोलास मोनार्देस नांवाचा वैद्य होऊन गेला. नव्या खंडांतून येणाऱ्या औषधी वस्तूंवर त्यानें ग्रंथ लिहिला. त्याच्या १५७१ सालीं निघालेल्या दुसऱ्या भागांत तंबाखूचें सविस्तर वर्णन आहे. तेथील मूळचे रहिवासी तंबाखूच्या पानांत भाजलेल्या शिंपल्यांची पूड कालवून गोळ्या करीत, आणि अन्नपाण्यावांचून लांबचा प्रवास करावयाचा असला म्हणजे ती गोळी ओठाआड धरून तहानभूक भागवीत, असें त्यानें लिहून ठेविलें आहे. भाजलेल्या शिंपल्यांची पूड म्हणजे चुनाच. तळहातावर तंबाखू-चुना मळून गालांत धरणारे लोक आपल्याकडेहि गांवोगांव आहेत. त्यांना ही कृति मुळींच परकी वाटणार नाहीं. चुन्यामुळें तोंडांतील आम्लता कमी होते आणि तंबाखूंतील निकोटीन गालाच्या आंतल्या नाजूक त्वचेंतून अधिक वेगानें रक्तांत उतरतें. दुपारची भाकरी लांबणीवर टाकण्यासाठीं चिमटीभर तंबाखूचा आधार घेणारा मजूर आणि मोनार्देसच्या ग्रंथांतील तो प्रवासी, हे दोघेहि एकाच द्रव्याचा एकच गुण वापरीत असतात.

विसाव्या शतकांत हा गुण व्यापाऱ्यांच्या ध्यानांत आला. अमेरिकन टोबॅको कंपनीनें १९२८ च्या सुमारास आपल्या 'लकी स्ट्राइक' सिगारेटीची एक जाहिरात चालविली. मिठाईकडे हात नेण्याऐवजीं सिगारेटीकडे न्या, हा तिचा आशय होता, आणि रोख मुख्यतः स्त्रियांवर होता. मिठाईचे कारखानदार साहजिकच खवळले व त्यांनीं जाहीर विरोध केला. परंतु एकदां पेरलेलें बीं उगवल्यावांचून राहत नाहीं. सिगारेट ओढणारी व्यक्ति सडपातळ राहते आणि सोडणारी लठ्ठ होते, ही समजूत तेव्हांपासून देशोदेशीं रुजली. ती सर्वस्वी खोटी असती तर एका वाक्यांत उडवून देतां आली असती. पण तिच्यांत अर्धें सत्य आहे, आणि अर्धें सत्य हें पुऱ्या असत्यापेक्षां अधिक काळ टिकतें.

तें अर्धें सत्य समजून घेण्यासाठीं शरीराच्या जमाखर्चाकडे पाहिलें पाहिजे. अन्नांतून मिळणारी उष्णता ही जमा. हृदय, फुप्फुसें, मेंदू यांचें अखंड चालणारें काम, शरीराची ऊब आणि आपली हालचाल हा खर्च. जमा अधिक झाली तर शिल्लक मेदाच्या रूपानें सांठते. खर्च अधिक झाला तर सांठ्यांतून काढावें लागतें. या उलाढालीला शास्त्रांत चयापचय असें म्हणतात. निकोटीनचें वैशिष्ट्य असें कीं, तें या खातेवहीच्या दोन्ही बाजूंना हात घालतें.

प्रथम खर्चाची बाजू पाहूं. निकोटीन रक्तांत शिरतांच मूत्रपिंडांच्या माथ्यावर असलेल्या ग्रंथींतून ॲड्रेनलिन नांवाचा रस अधिक प्रमाणांत सुटतो. संकट आलें असतां शरीर सज्ज व्हावें म्हणून निसर्गानें केलेली ही योजना आहे. हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, आणि सांठविलेला मेद विरघळून रक्तांत येऊं लागतो. संकट तर कोठेंच नसतें. पण शरीर मात्र लढाईच्या तयारीचा खर्च करीत राहतें. हा खर्च किती, याचें मोजमाप स्वित्झर्लंडमधील लोझान येथील शास्त्रज्ञांनीं १९८६ सालीं प्रसिद्ध केलें. आठ निरोगी धूम्रपान करणाऱ्या व्यक्तींना त्यांनीं, श्वासावरून उष्णतेचा खर्च मोजतां येईल अशा बंद खोलींत, एक अहोरात्र २४ सिगारेटी ओढूं देऊन आणि एक अहोरात्र मुळींच न ओढूं देतां ठेविलें. न ओढण्याच्या दिवशीं खर्च सरासरीनें २,२३० कॅलरी झाला. ओढण्याच्या दिवशीं तो २,४४५ कॅलरी भरला. म्हणजे वाढ सुमारें शेंकडा १०. घरगुती भाषेंत सांगावयाचें तर, दिवसाकांठीं दोन साध्या पोळ्यांची उष्णता धुराबरोबर उडून गेली.

आतां जमेची बाजू. मेंदूच्या तळाशीं हायपोथॅलॅमस नांवाचा एक लहानसा भाग आहे. भूक केव्हां लागावी आणि पोट भरल्याची जाणीव केव्हां व्हावी, याचा कारभार बराचसा येथून चालतो. अमेरिकेंतील येल विद्यापीठांतील संशोधकांनीं उंदरांवर प्रयोग करून २०११ सालीं असें दाखविलें कीं, तृप्तीचा निरोप देणाऱ्या येथील कांहीं मज्जापेशींना निकोटीन परस्पर जागें करतें. पोटांत अन्न नसतांना "पोट भरलें" असा निरोप जातो आणि प्राणी कमी खातो. याखेरीज संवयीचाहि एक भाग आहे. ज्याला जेवणाच्या शेवटीं सिगारेट किंवा तंबाखू लागते, त्याच्या दृष्टीनें ती जेवण संपल्याची खूण होऊन बसते. खूण लवकर हवीशी झाली म्हणजे ताटावरून उठणेंहि लवकर होतें.

अशा रीतीनें जमा थोडी कमी आणि खर्च थोडा अधिक, या दुहेरी उपायानें तंबाखू वजन दाबून ठेवते. पण दाबून ठेवणें आणि प्रकृति राखणें या दोन अगदीं निराळ्या गोष्टी आहेत. बैलाला दिवसभर चाबूक मारून पळविलें तर त्याचेंहि वजन उतरेल. तेवढ्यावरून त्याची निगा उत्तम चालली आहे असें कोणी शेतकरी म्हणणार नाहीं.

मग तंबाखू सुटतांच काय घडतें? रक्तांतील निकोटीन सुमारें दोन तासांत निम्म्यावर येतें, आणि दोन-तीन दिवसांत तें जवळजवळ नाहींसें होतें. चाबूक थांबतो. हृदयाचे ठोके मंदावतात आणि विश्रांतींतला खर्च पूर्वपदावर येतो. मेंदूला मात्र वर्षानुवर्षें त्या द्रव्याची संवय जडलेली असते. चिडचिड, अस्वस्थता, झोपमोड, कामांत लक्ष न लागणें, कांहींना मलावरोध, हीं लक्षणें पहिल्या आठवड्यांत सर्वांत तीव्र असतात आणि तीन-चार आठवड्यांत बहुतेक ओसरतात. भूक मात्र त्यांच्याबरोबर ओसरत नाहीं. ती कांहीं महिने वाढलेली राहूं शकते. जिभेची व नाकाची जाणीव परत आल्यामुळें साधी आमटीहि चवदार लागूं लागते. रिकाम्या हाताला व रिकाम्या तोंडाला चाळा हवा असतो, आणि गोड पदार्थांनीं क्षणभर बरें वाटतें. खर्च घटलेला आणि जमा वाढलेली. वजन वाढणार नाहीं तर काय होईल?

प्रश्न इतकाच कीं, तें किती वाढतें? लोकांच्या कल्पनेंत हा आंकडा फार मोठा असतो. औषधांच्या मदतीवांचून सिगारेट सोडून त्या व्रतावर टिकलेल्या लोकांचीं अनेक निरीक्षणें एकत्र करून २०१२ सालीं 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' या नियतकालिकांत त्यांचा गोषवारा प्रसिद्ध झाला. त्यावरून पहिल्या महिन्यांत सरासरी १.१ किलो, तीन महिन्यांत २.९ किलो आणि वर्षाअखेर ४.७ किलो वजन वाढतें असें दिसतें. म्हणजे वर्षाच्या एकंदर वाढीपैकीं निम्म्याहून अधिक वाढ पहिल्या तीन महिन्यांतच होते. पुढें तिचा वेग मंदावतो. आणि सरासरी म्हणजे सर्वांची गोष्ट नव्हे. शेंकडा १६ लोकांचें वजन वर्षाअखेर उलट घटलें होतें. शेंकडा १३ लोकांचें मात्र १० किलोंहून अधिक वाढलें होतें. वाढ कांहींच्या बाबतींत खरोखरच मोठी असते, हें लपविण्याचें कारण नाहीं. परंतु बहुसंख्य लोकांच्या वांट्याला ती येत नाहीं.

याहूनहि महत्त्वाची गोष्ट अमेरिकेंतील एका दीर्घ पाहणींत दिसून आली. ती १९९१ सालीं प्रसिद्ध झाली. सिगारेट सोडणाऱ्यांचें वजन वाढलें खरें; पण वाढून वाढून तें कोठपर्यंत पोंचलें? ज्यांनीं जन्मांत कधीं सिगारेट ओढली नव्हती, त्यांच्या सरासरी वजनापर्यंत! आपल्या शंकाकुल गृहस्थाला खरें उत्तर येथें सांपडतें. तंबाखू सोडल्यामुळें त्याच्या अंगावर कांहीं परकें ओझें आलेलें नाहीं. निकोटीननें जें दाबून धरलें होतें, तेंच बहुतांशीं परत आलें आहे. दोष दाबणाऱ्याचा, बोल मात्र सोडणाऱ्याला. चोर सोडून संन्याशाला सुळीं देण्याचाच हा प्रकार होय.

तंबाखूनें लाभलेलें बारीकपण निरोगी तरी असतें काय? कांट्यावर वजन कमी भरलें तरी धूम्रपान करणाऱ्यांत मेदाची वांटणी बिघडलेली आढळते. हातपाय सडसडीत, पण पोटाभोंवतीं मेद अधिक. हा पोटावरचा मेद हृदयाला आणि स्वादुपिंडाला सर्वांत त्रासदायक. शिवाय निकोटीनमुळें इन्शुलिनचा प्रभाव मंदावतो. म्हणून, ज्या मधुमेहाच्या भयानें लोक पुन्हां सिगारेटीकडे वळतात, तो मधुमेह होण्याचा धोका धूम्रपान करणाऱ्यांना न करणाऱ्यांपेक्षां शेंकडा ३० ते ४० नीं अधिक असतो. बारीक दिसणारा मनुष्य निरोगीच असेल, ही समजूत येथें फसवी ठरते.

आपल्या देशांत या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. २०१६-१७ सालच्या राष्ट्रीय पाहणींत भारतांतील प्रौढांपैकीं शेंकडा २८.६ लोक कोणत्या ना कोणत्या रूपानें तंबाखू वापरीत असल्याचें आढळलें, आणि धूर न काढतां ती वापरणाऱ्यांचें प्रमाण ओढणाऱ्यांच्या दुप्पट होतें. महाराष्ट्रांतील पुष्कळ घरांत स्त्रिया भाजलेल्या तंबाखूची मशेरी दांतांना लावतात. तिला कोणी व्यसन म्हणत नाहीं. दांत घांसण्याची रीत म्हणतात. परंतु द्रव्य तेंच आहे. मुंबईत १,२१७ गरोदर स्त्रियांची पाहणी करण्यांत आली व तिचे निष्कर्ष २००४ सालीं प्रसिद्ध झाले. मशेरी किंवा अन्य बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या मातांचीं बालकें इतर मातांच्या बालकांपेक्षां जन्मतः सरासरी १०५ ग्रॅम हलकीं भरलीं. जेथें मुळांतच अनेक बालकें अपुऱ्या वजनाचीं जन्मतात, तेथें १०५ ग्रॅम ही कांहीं क्षुल्लक गोष्ट नव्हे. तंबाखू वजन कमी करते असें म्हणणाऱ्यांनीं तें कोणाचें कमी होतें, याचाहि विचार केला पाहिजे.

आतां दोन्ही पारडीं समोर ठेवूं. एका पारड्यांत चार-पांच किलो वजन. दुसऱ्यांत काय आहे? इंग्लंडमध्यें १९५१ सालीं हजारों पुरुष डॉक्टरांच्या धूम्रपानाची नोंद घेण्यास आरंभ झाला आणि पुढें पन्नास वर्षें त्यांचा मागोवा घेण्यांत आला. रिचर्ड डॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००४ सालीं त्याचा निष्कर्ष मांडला. आयुष्यभर सिगारेट ओढणाऱ्याचें आयुष्य सरासरीनें सुमारें १० वर्षांनीं कमी होतें. तिशींत सोडणाराला तीं बहुतेक सर्व वर्षें परत मिळतात, चाळिशींत सोडणाराला ९, पन्नाशींत सोडणाराला ६, आणि साठींत सोडणारालाहि ३ वर्षें मिळतात.

कोणी म्हणेल, वाढलेलें वजन हा लाभ खाऊन टाकीत नाहीं काय? यालाहि उत्तर आहे. अमेरिकेंतील परिचारिका व इतर वैद्यकीय व्यावसायिक यांच्या दीर्घकालीन पाहणींचा एक अहवाल २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. सिगारेट सोडल्यानंतर ज्यांचें वजन वाढलें त्यांना मधुमेहाचा धोका कांहीं काळ वाढला. पांच ते सात वर्षांच्या सुमारास तो सर्वाधिक होऊन पुढें हळूहळू उतरला. ज्यांचें वजन वाढलें नाहीं, त्यांच्यांत ही तात्पुरती वाढ दिसली नाहीं. पण मृत्यूचें गणित पाहतां चित्र स्पष्ट होतें. ज्यांचें वजन १० किलोंहून अधिक वाढलें, त्यांच्यांतहि हृदयरोगानें मृत्यु येण्याचा धोका सिगारेट ओढत राहिलेल्यांच्या मानानें सुमारें एक-तृतीयांशच होता. तात्पर्य, वजन आटोक्यांत ठेवणें हिताचें आहे. परंतु त्याच्या भयानें तंबाखू चालू ठेवणें हें गळक्या छपराच्या भीतीनें पुरांत जाऊन राहण्यासारखें आहे.

वजन आटोक्यांत ठेवावयाचें तें कसें? येथें पुष्कळांची चूक होते. तंबाखू सोडली त्याच दिवसापासून कडक उपासतापासहि आरंभण्याचा उत्साह दाखविला जातो. एकाच वेळीं दोन शत्रूंवर चाल करून जाण्याचा हा प्रकार. अमेरिकेंतील पिट्सबर्ग येथें वजनाच्या भीतीनें ग्रासलेल्या स्त्रियांवर झालेला व २००१ सालीं प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या बाबतींत उद्बोधक आहे. त्या सर्वांना धूम्रपान सोडण्याविषयीं मार्गदर्शन मिळालें. एका गटाला त्याबरोबर आहार मोजून खाण्यास शिकविलें. दुसऱ्या गटाला वजनाची धास्ती सोडा, थोडी वाढ स्वाभाविक आहे, असें समजावलें. तिसऱ्याला वजनाविषयीं निराळें कांहींच सांगितलें नाहीं. वर्षाअखेर सिगारेटीपासून दूर राहिलेल्या स्त्रिया धास्ती कमी केलेल्या गटांत शेंकडा २१, आहार मोजणाऱ्यांत १३ आणि तिसऱ्या गटांत ९ होत्या. विशेष हें कीं, वजनहि धास्ती सोडलेल्यांचेंच सर्वांत कमी वाढलें. भयानें मनुष्य अधिक खातो आणि लवकर हार मानतो, हें यावरून उघड होतें.

म्हणून पहिले तीन महिने ध्येय एकच असावें: तंबाखू नको. आहारांत उपवास नको, पण शिस्त असावी. जेवणाच्या वेळा ठरलेल्या असाव्यात. मधल्या वेळीं तोंडाला चाळा हवा असेल तर फुटाणे, काकडी, गाजर, पातळ ताक जवळ ठेवावें. पेढे-बिस्किटें दृष्टीआड असावींत. बडीशेप चालेल, सुपारी मात्र चालणार नाहीं, कारण तंबाखूवांचूनची सुपारीहि मुखाच्या कर्करोगाला कारण होते. जेवणानंतर जेथें सिगारेट असे, तेथें आतां पंधरा मिनिटांचें चालणें असावें. घटलेला खर्च भरून काढण्याचा हा सर्वांत स्वस्त उपाय असून त्यानें तलफहि ओसरते. संवय फार जुनी व तीव्र असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्यानें निकोटीनचा गम ठराविक काळापुरता घेतां येतो. त्यानें वजनाची वाढ टळत नसली तरी लांबणीवर पडते, आणि पहिल्या कठीण आठवड्यांना आधार मिळतो. सल्ला विचारण्यासाठीं १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय तंबाखूमुक्ति सेवेचा विनाशुल्क दूरध्वनि आहे.

घरांतील मंडळींकडेहि यांत मोठें काम आहे. वडिलांनीं वा पतीनें तंबाखू सोडली म्हणून आनंदानें रोज शिरा-श्रीखंड वाढूं नये. आणि चार महिन्यांनीं "पोट सुटलें बरें कां" अशी थट्टाहि करूं नये. घरची स्त्री मशेरी सोडीत असेल, तर तिची चिडचिड ही स्वभावाची नव्हे, संवय सुटण्याची आहे, हें मुलांनीं व पुरुषांनीं ओळखावें. तीन-चार आठवडे घरानें सांभाळून घेतलें, तर पुढची वाट पुष्कळ सोपी होते.

अंगावर आलेले चार किलो रोजच्या चालण्यानें आणि बेताच्या जेवणानें पुढें सावकाश उतरवितां येतात. त्याला वर्ष लागो, दोन वर्षें लागोत. फुप्फुसांत वा गालांत एकदां मूळ धरलेला कर्करोग असा उतरवितां येत नाहीं. तेव्हां कांट्यावरचा आंकडा थोडा पुढें सरकला, तर त्या गृहस्थानें पानाच्या ठेल्याकडे न वळतां पायांत वहाणा घालून खुशाल फिरावयास निघावें.